आयुष्य वाढवणाऱ्या पाच गोष्टी : आपल्या ज्येष्ठांसाठी साध्या सवयी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेला होता, तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. जी मुलगी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती, ती ऐंशीच्या घरात आहे. त्या दिवसाचे प्रत्यक्ष साक्षीदार आता प्रत्येक वस्तीत बोटावर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्यापैकी कुणी गेले की आपण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो, फोटोला पुष्पहार घालतो आणि परतताना एकमेकांना म्हणतो, यांच्या आठवणी लिहून घ्यायला हव्या होत्या. पण ते कशाने गेले, आणखी पाच-सात वर्षे धडधाकट राहिले असते का, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. वय झाले होते, एवढे म्हणून विषय संपतो.

बहुतेक वेळा वय हे कारण नसते. वर्षानुवर्षे न तपासलेला रक्तदाब असतो, अर्धवट सोडलेली साखरेची गोळी असते, मशेरी असते, न्हाणीघरात घसरून मोडलेले खुब्याचे हाड असते. भारतात साठी गाठलेला माणूस सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षे जगतो. ही अठरा वर्षे विहारात येत-जात काढायची की खाटेवर, हे बऱ्याच अंशी छोट्या छोट्या सवयींवर ठरते.

सगळा दोष सवयींचा आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. २०१०-११ च्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे नऊ राज्यांचा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. या फरकाचा निम्माही भाग गरिबीने समजावता येत नाही, असेही संशोधकांना दिसले. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपण निर्धास्त व्हावे असे काही नाही. गिरणीतल्या कापसाच्या धुळीत, गटारात, वीटभट्टीवर, दुसऱ्याच्या शेतात ज्यांची हयात गेली, त्यांच्या फुप्फुसांनी आणि गुडघ्यांनी त्याची किंमत आधीच मोजली आहे. दवाखाना, स्वच्छ पाणी, पेन्शन यांची लढाई चालूच राहील. पण आज संध्याकाळी घरातल्या आजीच्या ताटात काय पडते आणि आजोबा कधी चालायला जातात, यासाठी मोर्चाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून हा लेख तरुणांसाठी आहे.

सुत्तात काय सांगितले आहे

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात अनायुस्स नावाची दोन छोटी सुत्ते आहेत. आयुष्य कशाने घटते आणि कशाने वाढते, हे तथागतांनी त्यात पाच-पाच मुद्द्यांत सांगितले आहे. दोन्हींतले पहिले तीन मुद्दे सारखेच आहेत. स्वतःला मानवेल तेच करणे. मानवणाऱ्या गोष्टीतही प्रमाण ओळखणे. आणि नीट पचेल असे खाणे. पुढचे दोन मुद्दे वेगळे आहेत. एका सुत्तात योग्य वेळी वावरणे आणि ब्रह्मचर्य येते, तर दुसऱ्यात शील आणि कल्याणमित्र. ब्रह्मचर्याचा मुद्दा भिक्खूंच्या जीवनाशी जोडलेला आहे. गृहस्थांना दुसरी यादी अधिक जवळची वाटावी.

या यादीत चमत्कार नाही. मंत्र नाही, ताईत नाही, नवस नाही. त्यातही दुसरा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजच्या आरोग्याच्या बाजारात नेमका तोच हरवला आहे. बाजरी चांगली म्हणून चार भाकऱ्या, मध चांगला म्हणून मधुमेह्याला दोन चमचे, चालणे चांगले म्हणून दुखऱ्या गुडघ्यावर पाच किलोमीटर! मानवणारी गोष्टही किती, हे कळले पाहिजे.

संयुत्त निकायात राजा पसेनदीची गोष्ट आहे. राजा भरपेट जेवून, धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी प्रमाणात जेवणाऱ्याविषयी एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगितली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला लावली. त्यासाठी रोजचे शंभर कहापण ठरले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर आला आणि शरीर हलके झाले. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की राजाने केवळ स्वतःच्या निश्चयावर भरवसा ठेवला नाही, आठवण करून देणारा माणूस नेमला. आपल्या घरात ते काम नातवाने शंभर कहापण न घेता करावे.

ताटात काय असावे

आपल्या घरांतल्या ज्येष्ठांचे ताट पाहिले तर दोन टोके दिसतात. एकीकडे दोन वेळचा भरपूर भात किंवा चपाती, पातळ वरण आणि लोणचे. दुसरीकडे चहा-बिस्कीट, चहा-पाव, चहा-खारी. कारण दात नाहीत आणि एकट्यासाठी रांधायचा कंटाळा. दोन्हींत एकच गोष्ट कमी पडते, ती म्हणजे प्रथिने. वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की माणूस पडतो. निरोगी ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढेच. हिशेब केला की लक्षात येते, पातळ वरणाच्या दोन पळ्यांनी हे भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

उपाय महाग नाहीत. मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ यांचे घट्ट कालवण. दात नसतील तर मऊ शिजवून घोटलेली उसळ, शेंगदाण्याचा कूट घातलेली पालेभाजी, अंड्याची भुर्जी, ताजी मासळी, दही. तांदुळजा, घोळ, चाकवत, शेवग्याचा पाला या भाज्या ज्येष्ठांना आपल्यापेक्षा चांगल्या माहीत असतात. त्यांनाच विचारून आणाव्यात.

मांसाहाराबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. अलीकडे काही घरांत मुले-सुना म्हाताऱ्या माणसांचे मांस-मासे-अंडी धम्माच्या नावाने बंद करतात. बौद्धांमध्ये हा वाद जुना आहे आणि ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. पण आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले वा शंका आली नसेल तर भिक्खूलाही मांस घेण्याची मुभा पालि विनयात आहे. ज्येष्ठाने स्वतः सोडले तर उत्तम, त्याच्या जागी डाळ-दूध-कडधान्य वाढवावे. दुसऱ्याने लाज वाटायला लावून सोडवले आणि बदल्यात काहीच दिले नाही, तर त्यात ना शील आहे ना आरोग्य. पूर्ण शाकाहारी ज्येष्ठांनी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. पायाला मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा हे कधी कधी त्याच्या अभावाने होते आणि गोळी-इंजेक्शनने सुधारू शकते.

मिठाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगितले आहे, म्हणजे सपाट लहान चमचाभर, तेही सगळे पदार्थ मिळून. आपल्याकडे भाजीतल्या मिठापेक्षा लोणचे, पापड, फरसाण, सुकट-बोंबील आणि ताटात वरून घेतलेले मीठ जास्त असते. सुकी मासळी आवडत असेल तर भिजवून, पाणी टाकून देऊन करावी आणि रोज करू नये. सैंधव मीठ रक्तदाबाला चालते हा गैरसमज आहे. तेही मीठच आहे.

मधुमेह असेल तर ज्वारीची भाकरी भातापेक्षा बरी, पण भाकरीही मोजून. आधी भाजी-उसळ, मग भाकरी, असा क्रम ठेवला तर पोट लवकर भरते. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके असावे. ज्येष्ठांना तहान कमी जाणवते, म्हणून भांडे भरून जवळ ठेवावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचेही प्रमाण विचारून घ्यावे.

अष्टशील पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. पौर्णिमेला दुपारनंतर न जेवण्याचे शील अनेक उपासिका श्रद्धेने पाळतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही पाच औषधे अवेळीही घेण्याची परवानगी खुद्द तथागतांनी दिली होती. शील घेण्याआधी डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ-मात्रा ठरवावी, किंवा ते एक शील त्या दिवशी बाजूला ठेवावे. भन्तेजींनी हे देसनेत सांगितले तर ते घरच्यांपेक्षा लवकर ऐकले जाईल.

चालणे, उठणे, तोल सांभाळणे

चंक्रमण म्हणजे सजगतेने येरझारा घालणे. त्याचे पाच लाभही अंगुत्तर निकायात आहेत : प्रवासाची क्षमता येते, कष्टाची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. आजच्या सूचनाही फार वेगळ्या नाहीत. आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि ज्येष्ठांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता येते, गाता येत नाही.

रोज दहा हजार पावले हा आकडा मोबाइलमुळे घराघरांत पोहोचला. त्याचे मूळ १९६५ मध्ये जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे, वैद्यकशास्त्रात नाही. साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो आणि पुढे फारसा वाढत नाही, असे २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले. जो माणूस आज दीड हजार पावले चालतो, त्याने अडीच हजार केली तरी ते मोठे पाऊल आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास साखर कमी चढते. चाळीची गॅलरी, विहाराचे आवार, सोसायटीचा जिना सोडून कुठलीही सपाट जागा चालते.

चालणे तर बहुतेकांना पटते. ताकदीचा व्यायाम पटत नाही. या वयात काय पहिलवान व्हायचे, असे उत्तर येते. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या पायांतली ताकद सरासरीने दुपटीहून जास्त झाली. स्नायू कुठल्याही वयात शिकतात. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या दुसऱ्या मोठ्या अमेरिकी प्रयोगात ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक होते. ज्यांना नियमित चालणे आणि व्यायाम दिला, त्यांच्यात चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी राहिला.

घरात करायला तीन गोष्टी पुरेत. न हलणाऱ्या खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे-बसणे, सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. ओट्याला धरून टाचा वर उचलणे. आणि भिंतीजवळ उभे राहून एक पाय दहा सेकंद उचलणे, जवळ कुणीतरी असताना. छातीत दुखणे, धाप, चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

पडण्याबद्दल घरच्यांनी एकदा घरभर नजर फिरवावी. ओली फरशी, घडी पडलेली सतरंजी, दाराजवळची वायर, रात्री संडासाच्या वाटेवरचा अंधार, झिजलेली रबरी चप्पल. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवायला फार खर्च येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची मिळते. रात्री उठताना आधी काठावर मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर अंधारी येते. अंगणात किंवा सार्वजनिक शौचालयात जावे लागणाऱ्यांसाठी टॉर्च आणि सोबत हवी. आपल्या कितीतरी वस्त्यांत आजही हीच स्थिती आहे आणि त्याची दाद नगरपालिकेकडेच मागायची आहे.

मशेरी, तंबाखू, दारू

महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे तुलनेने थोडे आणि तंबाखू चघळणारे-लावणारे फार. २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आसपास होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के. आपल्या आयांच्या, मावश्यांच्या हातात मशेरीची डबी असते आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. दात घासते, एवढेच. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे त्या सांगतात, ते खरेही असते, कारण शरीराला निकोटिनची सवय लागलेली असते.

आता सोडून काय फायदा, हा प्रश्न नेहमीचा. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षे आयुष्य परत मिळाले, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. तो अभ्यास सिगारेटचा आहे, पण साठीनंतर सोडून उपयोग नाही ही सबब त्याने निकालात निघते. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा फोड, तोंड उघडायला त्रास यांपैकी काही दिसले तर दंतवैद्याला दाखवायलाच हवे.

दारूबद्दल पाचवे शील आपण दर कार्यक्रमात म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केले की दारूचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. थंडीत औषध म्हणून घेतो म्हणणाऱ्या काकांना एवढे सांगावे की दारूने रक्तदाब वाढतो, झोप मोडते आणि रात्री पडण्याचा धोका वाढतो. ज्यांची रोजची सवय जुनी आहे त्यांनी मात्र एकदम न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. अचानक थांबवल्याने झटके येऊ शकतात.

आजार लपवू नये

विनयाच्या महावग्गात एका भिक्खूची हकिकत आहे. तो अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले; स्वतः पाणी घातले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्खूंना समजावले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. ही गोष्ट आपण सांगतो. तिच्यापुढचा भाग सहसा सांगत नाही. कोणत्या रुग्णाची सेवा अवघड असते, हेही तिथेच आहे : जो हिताचे ते करत नाही, प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, आजार आहे तसा सांगत नाही आणि वेदना सोसत नाही.

आजार न सांगणे हा आपल्या ज्येष्ठांचा मोठा दोष आहे, आणि त्याचे कारण बहुधा प्रेम असते. मुलाची ओढाताण नको, नातीच्या फीचे पैसे माझ्यात जायला नकोत. आमच्या परिचयातल्या एका आजींनी पायाची जखम दोन महिने लुगड्याच्या काठाखाली झाकून ठेवली होती. मधुमेहाने संवेदना गेलेली, त्यामुळे दुखतही नव्हते. शेवटी दोन बोटे काढावी लागली. आता त्या सगळ्या मैत्रिणींचे पाय तपासत फिरतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ पासून प्रकृती ढासळत गेली, पायांच्या वेदना आणि दृष्टी यांनी त्यांना शेवटपर्यंत छळले आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या कामाचा व्याप आणि तेव्हाचे मर्यादित उपचार पाहता ते कसे लिहीत राहिले याचे आश्चर्य वाटते. आज मात्र तपासणी गावातल्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. तीस वर्षांपुढील प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी तिथे मोफत व्हायला हवी. होत नसेल तर कार्यकर्त्यांनी विचारणा करावी.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून अधिक, असे पुन्हा पुन्हा आले तर डॉक्टरांकडे जावे. एकाच मोजणीवर घाबरू नये. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा, बोलू नये. आणि गोळीने आकडा खाली आला म्हणून गोळी थांबवू नये! तो गोळीमुळेच खाली आलेला असतो. पक्षाघाताच्या कितीतरी कहाण्या इथूनच सुरू होतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडे खराब होतात आणि रक्तदाबही वाढतो.

ध्यानाबद्दलही हेच. विपश्यनेने मन स्थिर होते, झोप सुधारते, वेदनेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पण ती इन्सुलिनची जागा घेत नाही. वृद्ध आणि आजारी नकुलपित्याला तथागतांनी शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होऊ देऊ नकोस, असे शिकवले. शरीराचा आजार नाकारायला सांगितले नाही.

रुग्णालयात भरती व्हावे लागले तर ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी आधारवरून आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे लागते. आजारी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवावे. तालुक्याच्या दवाखान्यात जायला ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे.

कल्याणमित्र

सुत्तातला पाचवा मुद्दा धर्मोपदेश वाटतो, पण आकडे त्याच्या बाजूने आहेत. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. ज्यांचे माणसांशी घट्ट संबंध होते, त्यांची त्या काळात हयात राहण्याची शक्यता एकट्या पडलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. स्मृतिभ्रंशाबाबत २०२४ चा लॅन्सेट आयोग सांगतो की सुमारे ४५ टक्के प्रकरणे चौदा कारणे हाताळून टाळता किंवा लांबवता येण्यासारखी आहेत. त्यात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांच्यासोबत एकटेपणा, कमी शिक्षण, न सुधारलेली दृष्टी आणि बहिरेपणाही आहे. आजोबा सभेत गप्प बसतात, ते विसरले म्हणून नव्हे, ऐकू येत नाही म्हणून असू शकते. कानाची तपासणी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही स्मरणशक्तीचीही काळजी आहे.

विहार हे यासाठी हाताशी असलेले ठिकाण. वर्षावासात ग्रंथवाचनाला ज्येष्ठ येतात, नंतर नऊ महिने येत नाहीत. पौर्णिमेला वंदनेआधी अर्धा तास एक स्वयंचलित रक्तदाब यंत्र, एक वही आणि दोन तरुण एवढे ठेवले तर ते दर महिन्याला येतील. वहीत नाव, आकडा, चालू गोळ्या. ज्याचा आकडा सलग दोनदा जास्त, त्याला कुणीतरी सोबत घेऊन दवाखान्यात जायचे. मोजून झाल्यावर त्याच बाकावर त्यांच्याकडून १९५६ च्या, नामांतराच्या, भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. बोलणाऱ्याला ऐकणारा मिळतो, वस्तीला इतिहास मिळतो. एकट्या राहणाऱ्यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहावेत.

दीक्षाभूमी, चैत्यभूमीला जाताना

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि ६ डिसेंबरला लाखो लोक जातात, त्यांत ज्येष्ठ पुष्कळ. रांगेत तासन्‌तास उभे राहणे, उघड्यावर झोपणे, गोळ्या घरी विसरणे यांमुळे तब्येत बिघडते. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि त्या गाडीच्या टपावरच्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात. मधुमेह्यांनी सोबत साखर किंवा ग्लुकोज, शेंगदाणे, फुटाणे ठेवावेत आणि जेवणाची वेळ चुकवू नये. पायांत मोजे आणि बंद चप्पल असावी. चप्पल काढावी लागलीच तर फक्त वंदनेपुरती, तापलेल्या फरशीवर नाही, आणि रात्री तळवे पाहून घ्यावेत. तळवा वाकून दिसत नसेल तर लहान आरसा किंवा नातवाचे डोळे. प्रत्येक गाडीत एका कार्यकर्त्याकडे ज्येष्ठांची यादी असावी आणि प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी : नाव, गाव, घरच्यांचा फोन, आजार, चालू गोळ्यांची नावे.